आजोबांचा रंधा: पातं अडकलंय, मागचा कोपरा भुंग्याने खाल्लाय. सुरुवात कुठून करू?

सुतारनात | २१ एप्रिल, रात्री १०.४०

नमस्कार मंडळी. देवरुखजवळच्या आमच्या घराची कौलं पावसाआधी उतरवून पुन्हा चढवायची होती, म्हणून मागच्या आठवड्यात माळा रिकामा केला. एका गोणपाटात आजोबांची हत्यारं निघाली. दोन पटाश्या, काटकोन बघायचा एक गुण्या, वाकसाचं नुसतं पातं आणि एक लाकडी रंधा. आजोबा सुतार होते. पंचक्रोशीतल्या बऱ्याच घरांची दारं-खिडक्या त्यांच्या हातची आहेत. ते १९८८ साली गेले, माझा जन्म त्यानंतरचा. बाबा नोकरीला लागले आणि सुतारकाम आमच्या घरात तिथेच थांबलं.

रंधा मी पुण्याला घेऊन आले आहे. लांबी १४ इंच. लाकूड काळपट जांभळं, जड, बहुतेक शिसव. पातं २ इंच रुंद, एकेरी, म्हणजे वर दुसरी लोखंडी पट्टी नाही. पात्याच्या वरच्या टोकाला इंग्रजीत ठसा आहे. पहिली ओळ गंजात गेली आहे, शेवटी '…फील्ड' एवढंच दिसतं, आणि खाली 'कास्ट स्टील'. पातं आवळून धरणारी लाकडी पाचर आणि पातं दोन्ही घट्ट बसलेत, हलत नाहीत.

अडचणी अशा. मागचा उजवा कोपरा खालच्या अंगाने भुंग्याने पोखरलाय, टाचणीच्या डोक्याएवढी भोकं आहेत आणि ठोकलं की पिवळसर पीठ पडतं. दुसरं म्हणजे पात्याच्या शेजारी रंध्याच्या लाकडी ठोकळ्याच्या गालावर, म्हणजे बाजूच्या भिंतीवर, एक उभी चीर आहे. देवरुखला असताना ती होती का, मला खरंच आठवत नाही.

पुढच्या बाजूला, जिथे हात धरतात तिथे, लाकूड अंगठ्याच्या आकाराचं झिजून खोलगट झालंय. तिथे शिसव आरशासारखं गुळगुळीत आहे.

इथे एका पॉलिशवाल्याला दाखवला. तो म्हणाला, आतलं काढून टाकू, वॉर्निश मारू, दिवाणखान्यात दिवा करून ठेवा. मला दिवा नको आहे. आईच्या विळीचा पाट चिरलाय, तिच्यासाठी नवा पाट या रंध्याने तासायचा आहे. माझ्याकडे गॅलरी आहे, एक करवत, दोन शिकंजे आणि रविवार. खर्चाला दोन-अडीच हजार काढू शकते. पाचरीवर हातोडी मारून पातं काढू का? गंज कशाने काढू? आणि ठोकळा वाचेल का?

---

मंदार_ठाणे | २१ एप्रिल, रात्री ११.१५

वा, मस्त वस्तू सापडली आहे! गंजाचं सोपं आहे. पातं पांढऱ्या व्हिनेगरमध्ये रात्रभर बुडवा, सकाळी ड्रिलला तारेचा ब्रश लावून घासा, लखलखीत होईल. मी आजोळचा अडकित्ता असाच केला. व्हिनेगरमधून काढल्यावर खायच्या सोड्याच्या पाण्यात धुवायला विसरू नका, नाहीतर तासाभरात पुन्हा तांबूस होतो. धार ग्राइंडरवर कुणाकडूनही मारून घ्या, पाच मिनिटांचं काम.

---

पॅटर्नवाले_काका | २२ एप्रिल, सकाळी ६.२०

ताई, हातोडी खाली ठेवा. मी कोल्हापुरात उद्यमनगरात ३१ वर्षं लाकडी पॅटर्न केले. ज्यावरून वाळूत साचा उठवतात आणि बीड ओततात, ते पॅटर्न. माझा निम्मा जन्म रंध्यावर गेला, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

पाचरीवर वरून मारलं तर ती आणखी आत जाते. लाकडी रंध्याचं पातं सोडवायचं असलं की ठोकळ्याच्या मागच्या टोकावर मोगरीने, म्हणजे लाकडी हातोड्याने, ठोका देतात. तुमचं मागचं टोक पोखरलंय, तिथे मारू नका, भुगा होईल. ठोकळा डाव्या हातात धरा, अंगठा पाचरीवर दाबून ठेवा आणि पुढच्या भागाच्या माथ्यावर, टोकापासून दोन-तीन बोटं आत, मोगरीने मारा. मोगरी नसली तर जाड लाकडाचा तुकडा चालतो. आठ-दहा ठोके बसले की पाचर 'टक्' करून सुटते. आवाज बदलतो, कान देऊन ऐका.

आता त्या ठशाबद्दल. पुष्कळ जण 'कास्ट' वाचून बीड समजतात. बीड म्हणजे कास्ट आयर्न, त्याचं पातं होत नाही. तुमच्या पात्यावरचं 'कास्ट स्टील' म्हणजे मुशीत वितळवून केलेलं पोलाद. इंग्लंडात शेफील्डला बेंजामिन हंट्समन या माणसाने १७४० च्या दशकात ही मुशीची रीत बसवली. ते पोलाद महाग, म्हणून अख्खं पातं त्याचं करत नसत. साध्या मऊ लोखंडावर धारेच्या बाजूला पोलादाची पातळ पट्टी तापवून ठोकून जोडायचे. गंज निघाला की धारेच्या उतारावर, म्हणजे धारेकडच्या तिरक्या बाजूवर, जोडाची रेघ दिसते का बघा. दिसली तर तो जिन्नस पुन्हा मिळायचा नाही.

म्हणून मंदाररावांना विनंती, राग मानू नका, पण तारेचा ब्रश नको आणि ग्राइंडर तर अजिबात नको. ब्रशाने ठसा पुसट होतो. ग्राइंडरवर धार क्षणात तापते. काठाला निळा रंग चढला की त्या जागचं पाणी उतरलं, पोलाद मऊ झालं. १९७९ साली मी वस्तादांची अर्ध्या इंचाची पटाशी अशीच निळी केली होती. वस्ताद काही बोलले नाहीत. निळं झालेलं सगळं मला दगडावर हाताने घासून काढायला लावलं. त्याला आठ दिवस लागले.

गंजासाठी रॉकेल किंवा साधं पातळ मशीनचं तेल लावून रात्रभर ठेवा. दुसऱ्या दिवशी जुन्या ब्लेडची कड आडवी धरून खरवडा, मग ४०० नंबरचा वॉटरपेपर तेलातच भिजवून फिरवा. तांबडा गंज तेवढा काढायचा. खाली जो काळा थर लागेल तो राहू द्या, तो लोखंडाला राखतो.

ठोकळ्याबद्दल आधी एक सांगा. पोखरलेला भाग कुठल्या रंगाचा आहे? काळ्या लाकडात भोकं आहेत की फिक्या?

---

वसुधा_सावंतवाडी | २२ एप्रिल, सकाळी ९.०५

काकांचा प्रतिसाद वाचून बरं वाटलं. मला त्या चिरेची काळजी वाटते. सुतारनात, पातं आजच्या आज सोडवा, रविवारची वाट बघू नका. कोकणातल्या दमट हवेत तो ठोकळा तीसेक वर्षं फुगलेला होता. तुम्ही तो एप्रिलच्या पुण्यात नेलात. लाकूड रुंदीत आकसतं, पातं आकसत नाही. दोन्ही गाल पात्याला आवळत जातात आणि जिथे लाकूड सर्वांत पातळ तिथे ते चिरतं. माझ्याकडे एका घराण्याचा देव्हारा मुंबईला गेला तेव्हा हेच झालं होतं, चौकटीत घट्ट बसवलेली फळी उभी तडकली. पातं काढलं की चीर बहुतेक आपोआप थोडी मिटेल. मग महिनाभर ठोकळा सावलीत, भिंतीपासून दूर, दोन पट्ट्यांवर ठेवून द्या.

भुंगा जिवंत आहे का ते कळायला रंधा काळ्या कागदावर ठेवा. चार दिवसांत ताजं पीठ पडलं तर आत किडा आहे. तसं असलं तर पातं काढलेला ठोकळा जाड प्लास्टिकच्या पिशवीत घाला, हवा काढून चिकटपट्टीने बंद करा आणि दोन आठवडे फ्रीजरमध्ये ठेवा, उणे १८ अंशांवर. बाहेर काढल्यावर पिशवी लगेच उघडू नका. पूर्ण दिवस जाऊ द्या, म्हणजे दव पिशवीवर जमतं, लाकडावर नाही. औषध मारण्यापेक्षा मला हे बरं वाटतं, कारण ही वस्तू तुमच्या हातात रोज असणार आहे.

---

सुतारनात | २२ एप्रिल, रात्री ९.३०

पातं निघालं! पोळपाट उलटा धरून मारलं. नवव्या ठोक्याला आवाज खरंच बदलला, भरीव होता तो पोकळ झाला. पाचर सुटली आणि पात्याबरोबर मूठभर जुना भुसा बाहेर पडला. तो मी एका डबीत ठेवलाय. वसुधाताई, चीर आता केसाएवढी राहिली आहे.

काका, तुम्ही रंग विचारल्यावर दाभण घेऊन बसले. काळ्या लाकडात दाभण नुसतं टेकतं, खूणही धड उठत नाही. पण मागच्या कोपऱ्यात, तळाकडच्या कडेला, एक फिकट पट्टा आहे, साधारण ५ इंच लांब आणि अर्धा इंच जाड. त्यात दाभण लोण्यात गेल्यासारखं गेलं. भोकं सगळी त्याच पट्ट्यात आहेत.

---

पॅटर्नवाले_काका | २३ एप्रिल, सकाळी ६.०५

मग ठोकळा वाचला म्हणून समजा. तो फिका पट्टा सालीलगतचं लाकूड आहे. त्यात पिष्ट असतं, भुंग्याला तेच लागतं. गाभ्याच्या शिसवात तो शिरत नाही. तुमच्या आजोबांना ठोकळा करताना थोडा अपुरा तुकडा मिळाला असणार, म्हणून एका कोपऱ्यात फिकं राहिलं. मागच्या कोपऱ्यावर ताण येत नाही हे बघून ती बाजू त्यांनी मागे ठेवली. जाणत्या माणसाचं काम आहे.

तो पट्टा करवतीने सरळ कापून काढा, काळं लाकूड लागेपर्यंत. तिथे शिसवाचं ठिगळ बसवायचं. जुन्या फर्निचरचा पाय, खुर्चीचा हात, काहीही चालेल. ठिगळाच्या रेषा ठोकळ्याच्या रेषांच्या दिशेनेच हव्यात. आडव्या लागल्या तर दोन्ही लाकडं वेगवेगळी आकसतील आणि जोड उघडेल. चिरेत फेविकॉल पातळ करून, चीर बोटांनी किंचित उघडून सोडा आणि शिकंजा हलकेच आवळा. शिकंजा लावताना पातं बसतं त्या खाचेत पात्याएवढ्या रुंदीची फळी घालून ठेवा, नाहीतर गाल आत वाकेल.

पात्याला रुंदीत दोन्हीकडे कागदाच्या जाडीएवढी फट राहिली पाहिजे. पुण्यात ती आत्ता नसली तर पात्याची कड घासू नका. खाच पटाशीने हलकी मोकळी करा.

धारेचं सांगतो. पाच मिलिमीटर जाड काचेचा तुकडा काचवाल्याकडे मिळेल, कडा घासून घ्या. त्यावर पाणी लावून वॉटरपेपर चिकटवा. आधी पात्याची पाठ. अख्खी पाठ सपाट करायची नाही, धारेलगतची एक बोटभर पट्टी पुरते. २२० पासून १५०० पर्यंत चढत जा. त्या पट्टीत ट्यूबलाइटची सरळ रेघ न मोडता दिसली की पाठ झाली. मग उतार. मोजायला कोनमापक लागत नाही. पातं धारेशी ४ मिलिमीटर जाड असलं तर उताराची लांबी साडेनऊ भरली म्हणजे कोन २५ अंश. तो झाला की हात किंचित उचलून टोकाला चार-पाच घास मारा, तिथे ३० होतो. पाठीवर बोट आडवं फिरवल्यावर खरखरीत कड सगळ्या रुंदीत लागली पाहिजे. एखाद्या जागी लागली नाही तर तिथे धार झालेली नाही, पुढच्या नंबरवर जाऊ नका.

आणि घासायच्या आधी धारेवर गुण्या टेकवून उजेडासमोर धरा. काय दिसतं ते लिहा.

---

सुतारनात | २४ एप्रिल, रात्री १०.१०

काका, मधे टेकतं आणि दोन्ही टोकांना उजेड दिसतो. टोकाला मिलिमीटरभर असेल. झिजलंय का? सरळ करून घेऊ?

---

पॅटर्नवाले_काका | २५ एप्रिल, सकाळी ६.१५

सरळ करू नका!! ती झीज नाही. पहिल्या हाताच्या रंध्याची धार अशीच थोडी गोल ठेवतात. करवतीच्या खुणा काढायला, जाड छिलका घ्यायला. सरळ धारेची टोकं लाकडात रुततात आणि प्रत्येक फेरीला पायरी पडते. मिलिमीटरभर गोलावा म्हणजे या रंध्याने रोज ओबडधोबड फळ्या सपाट केल्यात. धार लावताना एकदा डाव्या टोकावर बोट दाबा, एकदा उजव्या, आणि आजोबांनी ठेवला तेवढाच गोलावा राहू द्या. गुळगुळीत करायचा रंधा त्यांचा वेगळा असणार.

अंगठ्याची खोलगट जागा आहे म्हणालात, ती कुठल्या अंगाला? रंधा लाकडावर ठेवून मागून बघा आणि सांगा.

---

सुतारनात | १६ जून, रात्री ११.००

खूप दिवसांनी लिहिते आहे. काळ्या कागदावर तिसऱ्या दिवशी पीठ पडलं, त्यामुळे ठोकळा दोन आठवडे फ्रीजरमध्ये होता, मटारच्या पिशव्यांशेजारी. नंतर पीठ पडलेलं नाही.

ठिगळासाठी जुन्या बाजारातून शिसवी खुर्चीचा मोडका हात ८० रुपयांना मिळाला. पहिल्यांदा जोडलं तेव्हा शिकंजा आवळताना ठिगळ फेविकॉलवर घसरलं आणि दोन मिलिमीटर पुढे सरकून तसंच सुकलं. मला रडू आलं. मग ओलं गरम फडकं ठेवून ठेवून जोड मऊ केला, पातळ सुरी घालून उघडला, सगळं पुसून दोन दिवस वाळवलं. दुसऱ्या वेळी ठोकळ्यात दोन बारीक चुका, म्हणजे छोटे खिळे, अर्ध्या ठोकल्या, त्यांची डोकी पकडीने कापली आणि ठिगळ त्या टोकांवर दाबून बसवलं. मग ते हललं नाही. नव्याने सुरुवात करणाऱ्या कुणालाही हे सांगावंसं वाटतं.

पाठ घासायला चार संध्याकाळी लागल्या. धारेपासून नखभर अंतरावर गंजाचा एक खोल खड्डा होता. तो गेला नाही, पण धारेपर्यंत येत नाही, म्हणून सोडून दिला. उतारावर ८०० नंबर फिरवून पुसलं आणि काका, रेघ दिसली! धारेकडची पट्टी लख्ख आणि वरचं लोखंड करडं, त्यात धाग्यासारख्या बारीक रेषा. नऊवारीच्या काठासारखं दिसतं. मी आईला बोलावून दाखवलं, ती चष्मा लावून कितीतरी वेळ बघत बसली.

लाकडाला अळशीचं डबल बॉइल्ड तेल दोन हात दिलं. त्याची फडकी मी पसरून वाळवली. ढीग करून टाकली तर ती आपोआप पेट घेतात, हे डब्यावर लिहिलेलं होतं. अंगठ्याच्या जागेवर कागद लावला नाही, नुसतं तेल.

ती जागा उजव्या अंगाला आहे. आत्याला फोन करून विचारलं. म्हणाली, "आण्णा डावखुरेच होते गं. जेवायचे उजव्या हाताने, पण रंधा न् करवत डावीच. आम्ही त्यांच्या समोर उभं राहून फळी धरायचो ना, सगळी सोलपटं आमच्याच अंगावर." हे बाबांनाही माहीत नव्हतं, ते धाकटे.

काल देवरुखहून आणलेल्या फणसाच्या फळीवर पहिला हात मारला. पहिल्या तीन-चार वेळा नुसता कुरकुरला, मग पातं केसभर पुढे केलं आणि छिलका निघाला. मधे जाड, कडांना विरत गेलेला, हळदीसारखा पिवळा. फणसाचा वास अख्ख्या गॅलरीत. पण फळीच्या एका टोकाला लाकूड उचकटतंय, खवले निघतात. फळी फिरवून उलटीकडून मारलं तर तिथे बरं येतं आणि दुसऱ्या टोकाला उचकटतं. काय करू?

मी उजव्या हाताची. पुढे धरायला माझा डावा हात जातो आणि अंगठा डाव्या अंगाला, कोऱ्या लाकडावर पडतो. आण्णांच्या खळग्यात माझी बोटं बसतात.

---

वसुधा_सावंतवाडी | १७ जून, सकाळी ८.४०

फोन करून आत्याला अजून विचारून घ्या, आणि लिहून ठेवा. पावसाळ्यात रंधा वापरून झाला की पाचर सैल करून ठेवा. पात्यावर तेलाचा हात आणि पेटीत कापराच्या दोन वड्या.

---

पॅटर्नवाले_काका | १७ जून, सकाळी १०.३०

चार वेळा वाचलं. आज उशीर झाला, कारण वाचून झाल्यावर माझी पेटी उघडून बसलो होतो.

फणसात रेषा मधेच दिशा बदलतात. फळीच्या कडेला बघा, रेषा जिथे वर चढत जातात त्या दिशेने रंधा न्यायचा. तुमच्या फळीत मधे कुठेतरी त्या उलटल्यात. तिथे पेन्सिलची रेघ मारा आणि दोन्ही टोकांकडून त्या रेघेपर्यंत वेगवेगळं तासा. रेघेच्या आसपास चार बोटं जागा उरेल, तिथे रंधा सरळ न धरता तिरका धरा आणि पातं अर्धं मागे घ्या. मागे घ्यायला पुढच्या माथ्यावर मोगरीची अगदी हलकी टिचकी पुरते. तरी उचकटलं तर तेवढी जागा काचेच्या तुकड्याच्या धारेने खरवडून काढा, आम्ही पॅटर्नला तसंच करायचो.

विळीचं पातं बसवायच्या आधी पाटाला खालून दोन आडव्या पट्ट्या द्या, पण त्या फेविकॉलने चिकटवू नका. नुसते स्क्रू, आणि पट्टीतली भोकं लांबट. पाट उन्हाळ्या-पावसाळ्यात हलायला मोकळा राहिला पाहिजे. जुना पाट कुठून चिरलाय त्याचा फोटो टाका.